मांजरीच्या गोष्टीचं तात्पर्य

आमच्या घरात गोष्ट नुसती संपत नसे. ती संपली की बाबा बुटांना पॉलिश करता करता मान वर करत आणि विचारत, "तात्पर्य?" मग मी किंवा माझी धाकटी बहीण कुंदा, जिची पाळी असेल तिनं, शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तसं हात मागे बांधून उभं राहायचं आणि तात्पर्य सांगायचं. खोटं बोलू नये, आळस करू नये, मोठ्यांचं ऐकावं. यांतलं एखादं बहुतेक गोष्टींना चालून जाई, आणि आम्ही दोघी ती तात्पर्यं एकमेकींचे फ्रॉक घालावेत तशी आलटूनपालटून वापरत असू. बरोबर आलं की बाबा "शाब्बास" म्हणत आणि दुसऱ्या बुटाकडे वळत. चुकलं तर स्वतः सांगत, आणि ते ऐकता ऐकता गोष्टीतलं सगळं गमतीचं कुठल्या कुठे पळून जाई.

बाबा रेल्वेच्या कचेरीत होते. त्यांचं बालपण भंडाऱ्याकडे गेलं, नोकरीनं त्यांना रायपूरला आणलं आणि ते इथेच रुजले. सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे एक अरुंद ओसरी, असं आमचं घर. समोर सोनारांची दुकानं होती, आणि दिवसभर त्यांच्या छोट्या हातोड्यांची टकटक चालू असे. ती थांबली की संध्याकाळ झाली असं आम्ही समजायचो. गणपतीत मराठी मंडळींच्या मुलांची कथाकथनाची स्पर्धा होई आणि बाबा तिचे ठरलेले परीक्षक असत. एखादं पोरगं कितीही रंगवून बोललं, सगळ्या मांडवाला हसवलं, तरी शेवटी तात्पर्य सांगायला विसरलं की बाबांच्या लेखी त्याचं बक्षीस गेलं. त्यांचा खरोखरच विश्वास होता की मुलांना गोष्ट सांगायची ती शेवटच्या वाक्यासाठी, आणि आधीचं सगळं म्हणजे औषधाबरोबर दिलेली साखर. मी त्यांची थट्टा करते आहे असं वाटेल, पण पुढे मीही मराठीची शिक्षिका झाले आणि "या गोष्टीवरून काय बोध होतो?" हा प्रश्न दरवर्षी परीक्षेला घालत राहिले. रक्तातलं कुठे जातं?

हल्ली रायपुरातल्याच समता कॉलोनीत मी मुलाकडे राहते. माझ्या नातीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतून येतं. तिच्या गोष्टींच्या पुस्तकात प्रत्येक गोष्टीखाली एक रंगीत चौकट असते आणि तिच्यात बोध छापलेला असतो. ती चौकट सोडून ती पुढच्या पानावर उडी मारते. एकदा मी म्हटलं, अगं, तेही वाच. तर म्हणाली, "आजी, वो तो बड़ों के लिए लिखा रहता है. जिनको कहानी समझ में नहीं आती." मी हसले, पण नंतर दुपारभर मला बाबा आठवत राहिले. आणि बाबा आठवले म्हणजे सुमनआत्या आठवणारच.

सुमनआत्या बाबांची एकुलती बहीण, त्यांच्याहून बरीच लहान. आजी-आजोबा लवकर गेल्यामुळे बाबांनीच तिचं लग्न लावून दिलं होतं, गोंदियाकडच्या एका घरात. मोठं घर, स्वतःची धानाची गिरणी, माणसांचा राबता. बाबांना त्या स्थळाचा फार अभिमान होता. त्या वर्षी दिवाळीनंतर आत्या एका पिशवीनिशी आमच्या दारात उभी राहिली. चार दिवस राहायला आले म्हणाली, आणि चार दिवस कधीच होऊन गेले. पहिल्याच संध्याकाळी तिनं बाबांजवळ काहीतरी बोलायला सुरुवात केली होती. "दादा, तिथं माझं..." एवढं मी ऐकलं. बाबांनी तिला पुढे बोलू दिलं नाही. सासर म्हटलं की थोडं सोसावं लागतंच, तुझ्या वहिनीनं नाही सोसलं का, असं काहीतरी म्हणाले. आईनं तेव्हा चुलीवरच्या तव्याकडे असं पाहिलं की आज विचार केला तर मला हसू येतं, कारण आईला सासूच नव्हती.

आत्या पुन्हा काही बोलली नाही. ती घरात वावरू लागली, आणि घराला एक चव आली असं मी म्हणेन. सकाळी रात्रीचा भात पाण्यात घातलेला असे, त्यात ताक आणि कांदा घालून शेजारच्या छत्तीसगढी बायका खातात तशी बासी ती आम्हाला खाऊ घालू लागली. बाबांना ते आवडत नसे, पण ते कचेरीत गेले की आम्ही तिघी ओसरीत बसून, हिरवी मिरची चावत, नाकातून पाणी येईपर्यंत खायचो. बेसनाच्या पातोड्या कराव्यात तर तिनंच. आईसुद्धा ते कबूल करी. तिची एकच खोड होती. ती दारं लावत नसे. स्वयंपाकघराचं दार, न्हाणीचं दार, सगळी अर्धवट उघडी. न्हाणीत गेली तरी फटीत पाटा ठेवी आणि मला बाहेर बसवून गाणं म्हणायला लावी. रात्री मधलं दार ओढून घेतलं की उठून उघडी. शेजारचं मांजर येऊन दूध पिऊन गेलं की बाबा वैतागत.  आई नुसती दुधावर जड झाकण ठेवू लागली.

संध्याकाळी सोनारांची टकटक थांबली की आत्या सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसे आणि आम्हाला गोष्ट सांगे. बाबा जवळच बूट घेऊन बसलेले असत. आत्याच्या गोष्टी कुठल्या पुस्तकातल्या नव्हत्या, आणि त्यांतली एक तर संपतच नव्हती. ती एका मांजरीची होती. मांजर लहानपणी एका छोट्या घरात मजेत होती. मग तिला एका मोठ्या घरी देऊन टाकलं. त्या घरी धानाच्या राशी, त्यामुळे उंदीर पुष्कळ. मांजर दिवसभर काम करी, पण संध्याकाळी दाराच्या उंबऱ्यावर बसून स्टेशनाकडे जाणारा रस्ता बघत बसे. मालकिणीला ते खपत नसे. ती म्हणे, घरच्या मांजरीनं रस्त्याकडे काय म्हणून बघायचं? म्हणून तिनं मांजरीला चिंचेच्या कोठीत कोंडलं. कोठीत गच्च अंधार, चिंचेच्या वासानं डोकं भणभणायला लागायचं. तिथे तिला उंदीर भेटले. ज्यांना खायचं तेच समोर आलेले. पण मांजर इतकी भ्यालेली होती की उंदरांनाच तिची दया आली. त्यांतला एक तुटक्या मिशीचा उंदीर होता, तो फार आगाऊ. तो तिला एकेक दाणा आणून देई आणि बाहेरच्या बातम्या सांगे, आज गिरणीत कोण भांडलं, आज कोणाच्या ताटात काय होतं. त्या उंदराच्या भागाला आम्ही पोट धरून हसत असू. आत्याही हसे. तांदळातले खडे बाजूला टाकत हसे.

मांजर कोठीतून कधी सुटते, असं कुंदा रोज विचारी. आत्या म्हणे, "अजून आतच हाय. उद्या पाहू." आणि बाबांकडून लगेच यायचं, "तात्पर्य?" आम्ही गडबडून जायचो, कारण अर्ध्या गोष्टीचं तात्पर्य काय सांगणार? मग बाबाच सांगत. ज्याचं त्यानं काम करावं, उंबऱ्यावर बसून वेळ घालवू नये, म्हणजे कोंडून घ्यायची वेळ येत नाही. एकदा त्यांनी असंही सांगितलं की मांजरीनं मालकिणीची माफी मागितली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. आत्या मान खाली घालून सूप हलवत राहिली. मी तेव्हा तिच्याकडे नीट पाहिलं असतं तर मला काही दिसलं असतं का? मला नाही वाटत. मी उंदराची वाट बघत होते. मुलं गोष्टीत असतात तेव्हा गोष्टीतच असतात.

मग गोंदियाहून निरोप आला. येत्या रविवारी आत्याच्या सासूबाई आणि आतोबा स्वतः तिला न्यायला येणार होते. बाबांना हायसं वाटलं. त्यांनी निरोप पाठवला की सुमन तयार असेल. आईला हे नंतर कळलं. ती बाबांना म्हणाली की आधी तिला विचारा तरी. बाबा म्हणाले, तिला काय विचारायचं, स्वतःच्या घरी जायला कोणी विचारतं का? आत्यानं पिशवी भरली. भरली म्हणजे काय, जे आणलं होतं तेच परत आत घातलं. रविवारपर्यंतच्या दिवसांत तिनं गोष्ट सांगितली नाही. मी विचारलं तर डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "माही गोष्ट आता संपली बेटा." मला रडू आलं, कारण मांजर आतच राहिली होती.

आपल्याकडे पाहुणे आले की घरातल्या पोराला गोष्ट सांगायला उभं करण्याची जी रीत आहे, तिच्यात आमच्या घराचा हात कोणी धरला नसता. कुंदा लाजाळू, म्हणून हा मान नेहमी माझाच. त्या रविवारसाठी बाबांनी माझ्याकडून मुद्दाम एक गोष्ट बसवून घेतली होती. दोडक्याच्या वेलाची. वेलाला मांडवाचा कंटाळा येतो, तो मांडव सोडून कुंपणाबाहेर जातो, आणि तिथे त्याला बकरी खाते. ही गोष्ट त्यांनी स्वतः रचली होती. त्यांचा हेतू मला आज स्वच्छ कळतो. आत स्वयंपाकघरात बसलेल्या बहिणीला समोर बसवून चार शब्द सांगणं त्यांना जड जात होतं, म्हणून ते माझ्या तोंडून, भिंतीआडून सांगायचे होते. ते दुष्ट नव्हते. त्यांना मनापासून वाटत होतं की ते तिचं भलं करताहेत, आणि हेच मला अजूनही सोसत नाही.

पाहुणे सकाळच्या गाडीनं आले. आत्याच्या सासूबाई चांगल्या दणकट, बोलक्या, तोंडावर हसू. आम्हा दोघींना त्यांनी बुंदीचे लाडू आणले होते. आतोबा गोरे, अबोल, सारखे रुमालानं मान पुसणारे. आत्यानं वाकून नमस्कार केला आणि ती आत गेली. बाबांना सासूबाई प्रभाकरराव म्हणत आणि बाबा त्यांना काकू. दुबराज तांदळाचा भात, पातोड्यांची भाजी, मठ्ठा असं जेवण झालं, सासूबाईंनी सुनेच्या हाताचं कौतुक केलं, पानसुपारी झाली. गाडीला अजून वेळ होता. बाबांनी मला खुणावलं.

मी वेलाची गोष्ट सांगितली. बकरीनं वेल खाल्ला, मी हात मागे बांधून तात्पर्य सांगितलं, आपली जागा सोडून जाऊ नये. बाबा खूश झाले. सासूबाई तर इतक्या खूश झाल्या की मला जवळ ओढून म्हणाल्या, पोट्टी हुशार आहे तुमची, आणखी एक सांग. बाबांनी दुसरी काही बसवून घेतली नव्हती. मला जी सगळ्यांत आवडायची ती मी सुरू केली. वेलाच्या गोष्टीत कोणी बोलतच नव्हतं, तिच्यात मला काडीची मजा आली नव्हती. इथे मात्र उंदीर होता.

मी मोठ्या घरापासून सुरुवात केली, धानाच्या राशी सांगितल्या, उंबऱ्यावर बसून मांजर कशी रस्ता बघते ते बसून दाखवलं. सासूबाई मान डोलावत होत्या. मालकिणीनं मांजरीला कोठीत कोंडलं इथे मी आले, तर त्या बाबांकडे वळून म्हणाल्या की बरोबरच केलं, उंबऱ्यावर बसायची सवय लागली की घर नासतं. बाबांनीही मान हलवली. गोष्ट मध्यात होती आणि दोन्ही मोठ्या माणसांना तात्पर्य मिळून गेलं होतं. मी मात्र रंगात आले होते. डोळे मिटून, हात पुढे करून, चाचपडत मी म्हटलं की कोठीत एवढा अंधार, एवढा अंधार, की मांजरीला तिचा स्वतःचा पाय दिसेना.

"अंधार कुठचा?" सासूबाई म्हणाल्या. "वर चांगला झरोका हाय तिथं. अन् पाण्याचा तांब्याही ठेवला होता मी."

त्या इतक्या सहज बोलल्या की क्षणभर कोणाला काही वाटलंच नाही. माझी कोणी चूक काढल्यासारखं झालं आणि मी म्हटलं, नाही, गोष्टीत झरोका नाही.  आतोबांचा रुमाल मानेवरच थांबला होता. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होत होता तोही बंद झाला. बाबा सासूबाईंकडे बघत होते. त्यांचा तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. एखाद्या माणसाला आपल्याच घरात वाट सापडू नये तसे ते दिसत होते.

"कोणत्या कोठीत, काकू?" बाबांनी विचारलं.

सासूबाई हसल्या. लेकरांच्या गोष्टी त्या, म्हणाल्या, बोलण्याच्या ओघात काहीही येतं तोंडात.  बाबा माझ्याकडे वळले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "सांग बेटा. पुढं काय झालं ते सगळं सांग."

बाबांनी मला गोष्ट पुढे सांगायला सांगितलेली ही पहिलीच वेळ. मी सांगितलं. चिंचेच्या वासाचं सांगितलं. मालकिणीच्या कमरेला किल्ली असायची आणि ती चालली की किल्ली वाजायची, म्हणून मांजर कान लावून बसायची, ते सांगितलं. तुटक्या मिशीच्या उंदराला कोणी हसलं नाही, म्हणून मी तो भाग लवकर आटपला. मग गिरणीच्या मालकाचं सांगितलं. तो एकदा दाराबाहेर येऊन उभा राहिला. मांजरीनं त्याची पावलं ओळखली आणि आतून दार खरवडलं. तो थोडा वेळ थांबला आणि जेवायला निघून गेला. हे मी सांगत असताना आतोबा उठले आणि ओसरीत जाऊन चपला शोधू लागले.

बाबाही उठले. सुमन तुमच्याबरोबर येणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. सासूबाईंचा आवाज चढला. एवढ्याशा पोरीच्या गोष्टीवरून तुम्ही घर मोडता का, म्हणाल्या. बाबा म्हणाले, "पोरीच्या गोष्टीवरून नाही काकू. ती तं मी महिनाभर ऐकून राहिलो. तुमच्या झरोक्यावरून." पुढे बरंच बोलणं झालं, सासूबाईंचंच जास्त. आतोबा बाहेरून एकदाच म्हणाले, "आई, चल आता." ते गेले, आणि गल्लीत त्यांच्या रिक्षाची घंटी वाजत लांब गेली.

मला वाटलं आता बाबा रागावतील, मला किंवा कोणालातरी. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत्या भिंतीला टेकून खाली बसली होती, दोन्ही हात राखेनं माखलेले, समोर अर्धं घासलेलं पातेलं. आई तिच्याजवळ उभी होती. बाबा एकदम चिडल्यासारखे म्हणाले, "काहून सांगितलं नाही तू मले?"

आत्यानं वर पाहिलं. ती रडत नव्हती. मला आजही तो आवाज ऐकू येतो, त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती, नुसता थकवा होता.

"सांगूनच तं राहिली होती दादा," ती म्हणाली. "रोज. तू इथंच बसला राहायचा."

बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मग ते आत गेले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. धोतर ओलं होईल याचीही त्यांनी पर्वा केली नाही. "आता सांग," ते म्हणाले. "मांजरीचं नको. तुहं सांग."

आईनं कुंदाला उचललं, माझा हात धरला आणि आम्हाला ओसरीत आणलं. सोनारांची दुकानं रविवारची बंद होती, गल्ली शांत होती. मला आत जाऊन ऐकायचं होतं, पण आईनं मला मांडीशी घट्ट दाबून धरलं होतं. ती पदराच्या टोकानं डोळे पुसत होती आणि आतलं ऐकत होती. उघड्या दारातून आत्याचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. दिवे लागेपर्यंत तो येत राहिला, आणि तेवढ्या वेळात बाबांचा आवाज एकदाही आला नाही.